परदेशी कंपनीची इथली पहिली नेमणूक: कामगार कायद्याच्या वकिलाकडे काम कसं चालतं

समजा, एका मध्यम आकाराच्या जर्मन कंपनीनं चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग विकायचं ठरवलं आहे. इथला कारभार उभा करायला त्यांनी आपल्याला निवडलं. पगार ठरला, बोलणी झाली. मग एक दिवस स्टुटगार्टहून मेल येतो: तिथे अजून दहा माणसं घ्यायची आहेत, एखादी चांगली लॉ फर्म बघा, सोबत आमचा जर्मन करारनामा जोडला आहे, तो तिकडे चालेल का एवढं विचारून घ्या.

पुण्यात, नाशकात, सुप्याच्या जपानी औद्योगिक वसाहतीत अशा जागेवर बसलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत. कुणी इंजिनियर आहे, कुणी विक्रीतून वर आलेलं, कुणी हिशेबनिसाचं काम करता करता सगळंच सांभाळू लागलेलं. कायदा त्यांच्यापैकी फार थोडे शिकलेले असतात. कामगार कायद्याची फर्म परदेशी कंपनीसाठी नेमकं काय करते, कोणत्या क्रमानं करते आणि गाडी कुठे अडते, ते इथे टप्प्याटप्प्यानं बघू.

एक गोष्ट आधीच सांगते. वकिलाकडे जायची योग्य वेळ पहिला माणूस नेमण्याच्या आधीची. बऱ्याच कंपन्या पहिल्यांदा जातात ते कुणाला तरी काढायचं ठरल्यावर. तोवर नियुक्तिपत्रावर सही होऊन तीन वर्षं उलटलेली असतात, आणि त्या पत्रात जे लिहिलं किंवा लिहायचं राहिलं, त्याला चिकटूनच वकिलाला काम करावं लागतं.

सुरुवात फर्म निवडण्यापासून. कंपनीची तिकडची मोठी फर्म असेल आणि तीच भारताचंही बघेल, असं मुख्यालयाला वाटतं. तसं होत नाही. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार भारतीय कायद्याची वकिली इथे नोंदणी झालेल्या वकिलांनाच करता येते, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तिकडची फर्म आपला प्रश्न इथल्याच एखाद्या फर्मकडे पाठवते, आणि मध्ये एक बिल वाढतं. इथल्या वकिलांना जाहिरात करायची मुभा नसते. त्यामुळे शेजारच्या कारखान्यातल्या एचआरला, आपल्या सीएला विचारूनच नाव मिळतं. विचारताना एवढं जरूर विचारावं: हे वकील फक्त करार लिहितात, की कामगार न्यायालयातही उभे राहतात? ज्यानं कोर्टात करार फाटताना पाहिले आहेत, त्याच्या हातचा करार वेगळा उतरतो.

फर्म ठरली की ती आधी हितसंबंध तपासते, म्हणजे आपल्या कंपनीच्या विरोधातला कुणी पक्षकार तिच्याकडे आधीपासून नाही ना, ते बघते. मग नेमणुकीचं पत्र येतं. त्यात कामाची व्याप्ती, फी आणि अशील कोण हे लिहिलेलं असतं.

इथे जरा थांबून ती अशिलाची ओळ वाचावी. तिथे कंपनीचं नाव असतं, आपलं नसतं. वकिलाशी रोज बोलणारे आपण, कागद पुरवणारे आपण, तरी तो वकील आपला नव्हे. उद्या कंपनीशी आपलंच बिनसलं, तर तोच वकील कंपनीच्या बाजूनं समोर बसेल, आणि आपण विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी कंपनीच्या मालकीच्या असतील. आपल्या स्वतःच्या नियुक्तिपत्राबद्दल शंका असेल तर दुसरा वकील गाठावा आणि त्याची फी आपल्या खिशातून द्यावी. हे सांगताना वकील संकोचतात, पण चांगला वकील पहिल्या भेटीतच सांगतो.

त्यानंतर माहितीचा तक्ता येतो. किती माणसं घेणार, कोणत्या शहरात, ऑफिसात की कारखान्यात, घरून काम करणारं कुणी आहे का, परदेशी माणूस येणार का, विक्रीचे करार कोण सही करणार. हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात आणि उत्तरं घाईनं भरली जातात. पण भारतात कामगार हा केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अखत्यारीतला विषय आहे. दहा जणांतला एक बेंगळुरूत घरी बसून काम करणार असेल, तर त्याच्यासाठी कर्नाटकाचे नियम बघावे लागतात. माणसांचा आकडाही तितकाच महत्त्वाचा, कारण कोणता कायदा कधी लागू होतो हे बऱ्याचदा दहा, वीस, पन्नास, तीनशे अशा पायऱ्यांवर ठरतं. आजचा आकडा लिहावा, आणि येत्या दोन वर्षांत तो कुठे जाईल तेही.

पुढचा प्रश्न: माणूस नेमणार कोण? जर्मन कंपनीची इथे काहीच नोंदणी नसेल तर तीन वाटा दिसतात. पहिली, दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर माणूस ठेवायचा. याला ईओआर म्हणतात. कायदेशीर मालक ती मधली कंपनी, काम मात्र आपलं. दुसरी, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली संपर्क कार्यालय किंवा शाखा उघडायची. संपर्क कार्यालयाला इथे कमाई करता येत नाही, फक्त गाठीभेटी आणि माहिती. तिसरी, इथे प्रायव्हेट लिमिटेड उपकंपनी काढायची.

एक-दोन माणसांनी अंदाज घ्यायचा असेल तर ईओआर बरा. दहा माणसं आणि पाच वर्षांचा बेत असेल तर उपकंपनी. मधल्या कंपनीच्या आडून दहा माणसं वर्षानुवर्षं चालवली, तर खरा मालक कोण हा प्रश्न एक ना एक दिवस निघतोच.

या टप्प्यावरची नेहमीची चूक वेगळीच आहे. मुख्यालय म्हणतं, कंपनी वगैरे नंतर बघू, आत्ता आपण सल्लागार म्हणून दरमहा बिल द्या. मग सल्लागाराला कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड मिळतं, कंपनीचा लॅपटॉप मिळतो, रजेसाठी परवानगी लागते आणि दुसरीकडे काम करायला बंदी असते. कागदावर सल्लागार, वागणुकीत नोकर. वाद झाला की न्यायालय वागणूक बघतं. शिवाय असा माणूस इथे बसून नियमितपणे कंपनीच्या वतीनं विक्रीचे करार ठरवू लागला, तर जर्मन कंपनीची भारतात कायम आस्थापना आहे असं आयकर खातं म्हणू शकतं. म्हणजे धंद्याचा कायमचा ठिय्या. तो मानला गेला की त्यातून झालेल्या नफ्यावर परदेशी कंपनीला इथे कर भरावा लागतो, आणि तो दर 2024-25 पासून अधिभार सोडून 35 टक्के आहे. म्हणून कामगार कायद्याचा वकील या ठिकाणी करसल्लागाराला बोलावून घेतो. त्यानं ते केलं नाही तर आपण सुचवावं.

उपकंपनी काढायची ठरली की मेल येतो: आपणच संचालक व्हा. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार निदान एक संचालक आर्थिक वर्षात एकूण 182 दिवस तरी भारतात राहिलेला असावा लागतो, आणि इथे राहणारे तर आपणच. मान मोठा आहे, जबाबदारीही तेवढीच. पीएफ थकला, नोंदणी राहून गेली, तर नोटिशीवर नाव आपलं येतं, स्टुटगार्टच्या व्यवस्थापकाचं येत नाही. होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: संचालकांसाठीचा विमा, आणि आपल्या पदामुळे दंड किंवा खटला ओढवला तर खर्च कंपनी सोसेल अशी हमी. आपला वेगळा वकील हवा तो नेमका या कागदासाठी.

नोंदणीचा टप्पा तसा सरळ आहे, आणि बरंचसं ऑनलाइन होतं. पुण्यात ज्याला शॉप अॅक्ट आणि मुंबईत गुमास्ता म्हणतात, तो महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ऑफिसांना लागू होतो. कामाचे तास, सुट्ट्या, रजा यांचं मूळ इथे आहे. या कायद्यानं वर्षाला आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या दिल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आपसांत ठरवलेल्या आणखी चार. आठ नैमित्तिक रजा दिल्या, आणि 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. राज्य सरकारनं 2025 मध्ये या कायद्यात तासांच्या आणि कर्मचारीसंख्येच्या दुरुस्त्यांचा निर्णय घेतला. तेव्हा ते आकडे सहीच्या दिवशी वकिलाकडून पुन्हा तपासून घ्यावेत. दारावरची पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि ती अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मुख्यालयाकडून आलेल्या पाटीच्या नमुन्यात हे हमखास राहतं.

पीएफ वीस माणसांपासून, ईएसआय दहापासून, आणि ईएसआयमध्ये दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेलेच येतात. व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. रक्कम छोटी, पण विवरण चुकलं की दंड सुरू होतो. ही कामं बहुधा पगारपत्रक करणारी संस्था करते. वकील फक्त कुठे काय लागू होतं याची एक यादी करून देतो. ती यादी तारखांसकट मागून घ्यावी.

आता मुख्य काम, नियुक्तिपत्र. इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

आधी पार्श्वभूमी. केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या जागेची सुरक्षितता. नियुक्तिपत्र देणं आता बंधनकारक झालं आहे. सगळंच मात्र त्यांत आलेलं नाही. शॉप अॅक्ट वेगळा, व्यवसाय कर वेगळा, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा वेगळा. जुना नमुना पुढे चालवणारे वकील अजून आहेत. पत्राच्या मसुद्यात 1947 चा औद्योगिक विवाद कायदा दिसला, तर हा मसुदा केव्हाचा, असं आपण नम्रपणे विचारावं. संहितांखालचे राज्याचे कोणते नियम त्या दिवशी लागू आहेत, याचंही उत्तर लेखी घ्यावं.

पगाराची रचना बघू. इथे वर्षानुवर्षं मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त अशी मांडणी होते. समजा महिन्याला एक लाख: मूळ पगार 30,000, बाकी 70,000 घरभाडं, विशेष भत्ता आणि असेच. नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे इथे वेतन 50,000. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, आणि महिना 26 दिवसांचा धरायचा. 30,000 वर ती वर्षाला 17,308 रुपये होते, 50,000 वर 28,846. एका माणसामागे, एका वर्षाला एवढा फरक. मुख्यालयानं बजेट जुन्या हिशेबानं केलेलं असेल तर हे आकडे मेलमध्ये असेच मांडून पाठवावेत. कलमांचे क्रमांक पाठवले तर कुणी वाचत नाही.

ठरावीक मुदतीवर, समजा दोन वर्षांसाठी माणूस घेतला तर त्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. कायम नोकराला पाच वर्षं लागतात. मुदतीचा करार स्वस्त पडतो असं समजून चालणाऱ्या कंपन्यांना हे माहीत नसतं.

मग स्पर्धा न करण्याचं कलम. जर्मनीत कंपनी भरपाई देऊन नोकरी सुटल्यानंतरही ठरावीक काळ माणसाला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून रोखू शकते. तेच कलम इथल्या पत्रात उतरवलं जातं. पण 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 म्हणतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. नोकरी संपल्यावरची बंदी इथली न्यायालयं सहसा मानत नाहीत, भरपाई दिली तरी.

नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. सेंच्युरी स्पिनिंगचा 1967 चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल वकील अजून सांगतात, आणि तो आपल्या कल्याणचा आहे. तिथल्या टायर कॉर्डच्या विभागासाठी कंपनीनं एका डच कंपनीकडून तंत्र घेतलं होतं आणि ते गुप्त ठेवण्याची अट मान्य केली होती. पाच वर्षांच्या करारावर घेतलेला, ते तंत्र शिकलेला एक पर्यवेक्षक मुदतीच्या मध्येच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. करारात उरलेल्या मुदतीपुरती बंदी होती, आणि न्यायालयानं ती कायम केली. परदेशी तंत्र, त्याच्या गुप्ततेची अट आणि इथला माणूस, हा पेच आपल्याकडे असा जुना आहे. म्हणून शहाणा वकील नोकरीनंतरच्या बंदीवर भरवसा ठेवायला सांगत नाही. तो गुप्ततेचं कलम नेमकं लिहितो, कोणती माहिती गुप्त ते नावानिशी सांगतो, नोटिशीचा काळ पुरेसा ठेवतो आणि त्या काळात भरपगारी घरी बसवण्याची मुभा पत्रातच घेऊन ठेवतो. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर वाजवी बाँडही चालतो. एका सरकारी बँकेचा, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँड सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये ग्राह्य धरला.

डिझाइन किंवा सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं असतील तर मालकीचं कलम बघावं. नोकरानं नोकरीत लिहिलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर मालकाचा. पण मालक म्हणजे इथली उपकंपनी. तिकडच्या मूळ कंपनीकडे तो हक्क जायला वेगळा करार लागतो. बाहेरच्या सल्लागाराकडून काम घेतलं असेल तर आणखी काळजी हवी. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिली नाही तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ज्या कंपनीचं यंत्र चाळीस देशांत विकलं जातं, तिच्या करारातल्या एवढ्याशा गाळलेल्या ओळीची किंमत आपणच मोजून बघावी.

वाद झाल्यास म्युनिकच्या न्यायालयात, जर्मन कायद्यानुसार, असं कलम असेल तर ते काढून टाकायला सांगावं. कामगार कायद्यानं दिलेले हक्क करारानं काढून घेता येत नाहीत. त्या कलमामुळे पुढे फक्त एक जास्तीचा वाद उभा राहतो. करारनामा स्टॅम्पपेपरवर घ्यावा. महाराष्ट्रात ही रक्कम ऑक्टोबर 2024 पासून 100 ची 500 रुपये झाली आहे. मुद्रांक नसलेला कागद पुरावा म्हणून पुढे केला की आधी शुल्क आणि दंड भरा म्हणतात. आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना पत्र मराठीत द्यावं. ज्या कागदावर माणसाची सही आहे तो त्याला वाचता आला नव्हता, असं न्यायालयासमोर येऊ नये. त्याहीपेक्षा, त्याला तो वाचता यायलाच हवा.

पत्रापाठोपाठ धोरणं येतात. मुख्यालयाकडून साठ पानी आचारसंहिता येते आणि ती जशीच्या तशी वाटली जाते. त्यात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी एक परदेशी फोन नंबर असतो. तेवढ्यानं इथलं काम भागत नाही. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, या विषयाची जाण असलेली व्यक्ती. चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. समिती नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो, पण मी दंडासाठी हे सांगत नाही. ऑफिसात तीन बायका आणि सोळा पुरुष असताना त्या तिघींपैकी एखादीला बोलायचं झालं, तर रात्री अकराला जर्मनीतल्या यंत्रावर बोलणाऱ्या आवाजाशी ती काय बोलेल? समितीतल्या माणसांची नावं आणि नंबर भिंतीवर लावलेले असावेत, आणि वकिलाकडून त्या सदस्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण करून घ्यावं.

जर्मनीहून एखादा इंजिनियर दोन वर्षांसाठी येणार असेल तर तो वेगळा कप्पा: एम्प्लॉयमेंट व्हिसा, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, आणि पीएफ. परदेशी माणसाचा पीएफ इथे 15,000 च्या मर्यादेवर न थांबता पूर्ण पगारावर मागितला जातो. कर्नाटक उच्च न्यायालयानं 2024 मध्ये ही तरतूद रद्द केली होती, तरी तो वाद तेवढ्यावर मिटलेला नाही. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे. तिकडच्या विमा यंत्रणेचं प्रमाणपत्र आणलं तर इथला पीएफ टळतो. ते विमानात बसण्याआधी काढायचं असतं, आणि नेमकं तेच राहतं.

एवढं झालं की घडी बसते. फर्मशी बहुधा महिन्याचा किंवा वर्षाचा ठरीव करार होतो, त्याला रिटेनर म्हणतात. त्यात किती तास, कोणती कामं आणि खटल्याची फी वेगळी की आत, हे स्पष्ट हवं. वर्षातून एकदा फर्मकडून तपासणी करून घ्यावी: माणसं किती झाली, कोणती पायरी ओलांडली, कुणाची कामं बदलली.

आणि मग तो मेल येतो, ज्याची तयारी आजवर चालली होती. एका कर्मचाऱ्याचं काम समाधानकारक नाही, उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगा, एक महिन्याचा पगार द्या. कधी अमेरिकेतून येतो, कधी युरोपातून.

आपण त्या दिवशी काहीही बोलू नये. आधी वकिलाला फोन करावा.

वकील पहिला प्रश्न विचारेल: हा माणूस कायद्याच्या नजरेत कामगार आहे का? पदाच्या नावावर हे ठरत नाही. कार्डावर सीनियर मॅनेजर असेल, पण त्याच्या हाताखाली कुणी नाही, कुणाची रजा तो मंजूर करत नाही, कुणाचं मूल्यमापन लिहीत नाही, दिवसभर स्वतः ड्रॉइंग काढतो, तर तो कामगार ठरू शकतो. खरा व्यवस्थापक कामगार नसतो. नुसतं पर्यवेक्षण करणारा आणि महिना 18,000 पेक्षा जास्त पगार घेणाराही नसतो. म्हणून वकील रजेच्या मंजुरीचे मेल, मूल्यमापनाचे फॉर्म, संघटनेचा आराखडा मागतो. हे कागद तेव्हा तयार करता येत नाहीत. ते आधीच असावे लागतात.

दुसरा प्रश्न: कारण काय? काम नसल्यामुळे कमी करायचं असेल तर ती कामगार कपात. सलग वर्षभर, म्हणजे 240 दिवस काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, सरकारला कळवणं, आणि त्या कामावर शेवटी आलेल्याला आधी कमी करण्याचा क्रम. नव्या संहितेत आणखी पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं असतं, ते त्या माणसाच्या खात्यात 45 दिवसांत जातं. तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला आधी सरकारची परवानगी लागते.

गैरवर्तन असेल तर रस्ता लांबचा. कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, त्याचं म्हणणं, स्वतंत्र चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी, अहवाल, आणि मगच शिक्षा. मुख्यालयाला हे वेळकाढू वाटतं. पण चौकशी न करता काढलेला माणूस न्यायालयाच्या आदेशानं मागच्या पगारासह परत आल्याची उदाहरणं कामगार न्यायालयांत भरपूर आहेत.

काम नीट नाही, हे कारण सर्वांत अवघड. त्यासाठी काय अपेक्षा होती, कधी सांगितली, सुधारायला किती वेळ दिला, हे लेखी हवं. आणि इथेच सगळ्यात वाईट वळण लागतं. मागच्या एप्रिलमध्ये त्याच साहेबानं त्याच माणसाला उत्तम म्हणून शेरा दिलेला असतो, कारण परदेशातून वाईट शेरा लिहायला जीवावर येतं. ते एक पान त्याचा वकील न्यायालयात सर्वांत आधी दाखवतो.

यातून सुटायला म्हणून माणसाला खोलीत बोलावून राजीनामा लिहून घ्यायचा प्रकार चालतो. सही केलीस तर अनुभवाचं पत्र, नाहीतर बडतर्फी. हे करू नये, आणि वरून सांगितलं तरी आपण करू नये. दबावाखाली दिलेला राजीनामा न्यायालयात टिकत नाही. आणि त्या खोलीत साक्षीदार म्हणून आपण असतो. आपसांत मिटवायचं असेल तर चांगला मार्ग उघडा आहे: त्याला विचार करायला आठवडा द्यावा, त्याचा वकील बघू द्यावा, रक्कम वाजवी असावी, आणि समझोता लेखी करावा. परदेशी मालकाला सांगावं की ही रक्कम खटल्याच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा कमी असते. ते खरं आहे.

फुल अँड फायनलची घाई इथून सुरू होते. नव्या वेतन संहितेनुसार काढलेल्या, कमी केलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला तीस दिवस असतात. बऱ्याच परदेशी कंपन्यांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एका केंद्रीय यंत्रणेतून निघतो, आणि मध्येच एकाचा पगार काढायची सोय तिच्यात नसते. ही सोय पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, स्थानिक बँक खात्यातून, दोन सह्यांवर.

तरीही माणूस तक्रार घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेला, तर पहिली पायरी तडजोडीची. तडजोड अधिकाऱ्यासमोर वकिलाला पक्षाच्या वतीनं उभं राहता येत नाही. 1947 च्या कायद्यापासून हा नियम आहे. न्यायाधिकरणातही समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे त्या खोलीत कंपनीच्या बाजूनं आपण, समोर तो, मध्ये अधिकारी, आणि बोलणं मराठीत. वकील आदल्या दिवशी तयारी करून घेतो: कोणते कागद न्यायचे, कोणत्या रकमेपर्यंत जाता येईल, कोणत्या प्रश्नाला विचारून सांगतो असं म्हणायचं. मुख्यालयाकडून त्या रकमेची लेखी मंजुरी आधीच खिशात असावी. स्टुटगार्टला सकाळ व्हायची वाट बघत अधिकारी थांबत नाहीत, आणि मिटत आलेला वाद पुढच्या तारखेवर जातो.